निळ्या पुस्तकातली पट्टी

३ ऑक्टोबर

ढब्बू,

तुझं पत्र पोचलं. पाकीट होतं, तिकीट होतं, आत पत्र मात्र फारसं नव्हतं. मला वाचून दाखवणाऱ्या टायपिस्टबाईंना चष्मा पुसायला जेवढा वेळ लागला तेवढाही वाचायला लागला नाही. "मी बरा आहे. जेवण बरं आहे. हवा बरी आहे." एका दमात तीनदा बरं म्हणणारा माणूस बरा नसतो, हे मला अक्षर न शिकताही कळतं.

चौथी ओळ मात्र खरी होती. "आजोबांचं निळं पुस्तक कुणी आणि कशापासून बांधलं, आठवतं का?"

आता मला सांग, आजोबा जाऊन चार वर्षं झाली, पुस्तक तुझ्या ट्रंकेत, तू सेमिनरीत चर्चचा पाळक व्हायला गेलेला, आणि तिथून तुला अचानक पुस्तकाच्या पुठ्ठ्याची काळजी? पोट बिघडलंय का? की कुणी मुलगी आहे? असली तर सरळ सांग. पाळकाला बायको चालते, फक्त तिला प्रवचन चालायला हवं.

पुस्तक आजोबांनीच बांधलं. ज्या बाइंडिंगच्या कारखान्यात आम्ही दोघं होतो, तिथे एकदा बायबलांचं मोठं काम आलं होतं. छापताना बिघडलेले, उलटे घडी झालेले कागद रद्दीत जायचे. आजोबांनी मालकाला विचारून त्यातले थोडे घरी आणले, येशूच्या जन्माची तेवढी गोष्ट कापून काढली, जाड कागदावर चिकटवली, शिवली आणि वर निळं कापड चढवलं. दर रविवारी उपासनेहून आलं की ते वाचायचे आणि तू उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसून ऐकायचास. सहा वर्षांचा असताना तुला ते तोंडपाठ होतं. आजोबा मुद्दाम एखादा शब्द गाळायचे आणि तू "चुकलं!" म्हणून ओरडायचास. तेव्हाच मी म्हटलं होतं, हा एक तर पाळक होणार नाहीतर तिकीट तपासनीस.

का विचारलंस ते लिही. टायपिस्टबाई खालच्याच मजल्यावर आहेत, नोकरी सुटली तरी बोटं सुटलेली नाहीत. एकच खोड आहे, मी म्हणते "मेल्या" आणि बाई टाइप करतात "प्रिय". म्हणून या पत्रात कुठे प्रिय दिसलं तर मूळ शब्द तूच ओळख.

तुझी,
आजी

(एकदाही "प्रिय" टाइप केलेलं नाही. खात्री करावी. – टायपिस्ट)


११ ऑक्टोबर

टायपिस्टबाईंना नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आहे, आजीला नाही. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही आणि तुम्ही आमच्या चर्चच्या मंडळीतल्या नाही, म्हणजे तुम्हाला धक्का बसणार नाही.

मी तोंडी परीक्षेत नापास झालो. नुसता नापास नाही, हसं झालं. मोठ्या सरांनी विचारलं, "लूकने सांगितलेली येशूच्या जन्माची कथा थोडक्यात सांगा." मला हायसं वाटलं. इतर सगळं मी रट्टा मारून तयार केलं होतं, पण ही पानं उघडलीसुद्धा नव्हती, कारण ती मला लहानपणापासून पाठ आहेत. मी सुरू केलं. शिरगणतीसाठी योसेफ आणि मरीया नासरेथहून बेथलेहेमला आले, जागा मिळाली नाही, बाळ गव्हाणीत ठेवलं, मेंढपाळ आले, मग बाळाला मंदिरात नेलं, मग तारा, पूर्वेकडचे ज्ञानी लोक, सोनं...

सर म्हणाले, "थांबा. तारा लूकमध्ये कुठे आहे?"

मी म्हटलं, "आहे ना सर. मंदिरानंतर लगेच."

"कोणत्या बायबलात?"

मी म्हटलं, "आमच्या घरच्या."

बाई, तिथे चार परीक्षक होते. चौघेही हसले. सरांनी पुस्तक उघडून समोर ठेवलं. लूकमध्ये तारा नाही. ज्ञानी लोक नाहीत, बाळांना मारणारा हेरोद राजा नाही, त्याच्या भीतीनं मिसरला पळून जाणंही नाही. हे सगळं मत्तयमध्ये, म्हणजे बायबलातल्या दुसऱ्याच पुस्तकात आहे. आणि मत्तयमध्ये शिरगणती नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. तिथे ज्ञानी लोक येतात ते सरळ घरात. लूकमध्ये देवदूत मरीयेशी बोलतो, मत्तयमध्ये योसेफाच्या स्वप्नात येतो. योसेफाच्या बापाचं नावसुद्धा दोघे वेगवेगळं देतात. मरीया ज्यावर बसून आली ते गाढव तर दोघांतही नाही.

खोलीवर येऊन मी निळं पुस्तक उजेडात धरलं. चार ओळी एकाच्या, त्याखाली सहा दुसऱ्याच्या. सांधे इतके बारीक की बोट फिरवलं तरी लागत नाहीत. आणि एका ठिकाणी छापलेल्या ओळींवर कोऱ्या कागदाची पट्टी. ती उचलून पाहिली. लूक लिहितो की मंदिरातले विधी झाल्यावर ते आपल्या गावी, नासरेथला परत गेले. म्हणजे लूकच्या गोष्टीत मिसरला कुणी जातच नाही. आजोबांना मिसर हवं होतं, म्हणून त्यांनी ती ओळ झाकली.

ज्या माणसाने मला खोटं बोललो म्हणून दोनदा उपाशी ठेवलं, त्याने हे केलं.

वीस नोव्हेंबरला मला पुन्हा बोलावलंय. पास झालो तर राहीन, नाहीतर घरी. खरं सांगू? जावं असं वाटतच नाही. माझा विश्वास म्हणजे आजोबांची खळ निघाली. असा माणूस कुणाला काय शिकवणार?

आजीचा आजोबांवर फार जीव. हे तिला कळलं तर ती मोडून पडेल. म्हणून कृपा करून हे पत्र तिला वाचून दाखवू नका.

आपला,
ढब्बू


१७ ऑक्टोबर

ढब्बूस,

आधी मी, टायपिस्ट. पाकीट आलं तेव्हा आजी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी सवयीने मोठ्यानं वाचायला घेतलं. "हे पत्र आजीला नाही" या वाक्याला त्या म्हणाल्या, "मग लांब असणार, पुढे वाचा." आणि वाचून दाखवू नका ही सूचना तुम्ही अगदी शेवटी दिली आहे. तीस वर्षं कचेरीत काढली, पण एवढी उशिरा आलेली सूचना मी पाहिली नाही. क्षमस्व. आता आजी बोलतात.

मेल्या. (टाइप केलं आहे. – टा.)

मोडून पडायला मी काय पुठ्ठा आहे? तुझं पत्र ऐकून मी आधी हसले, चांगला खोकला येईपर्यंत. "आमच्या घरच्या बायबलात!" आजोबा असते तर त्यांनी कात्री खाली ठेवून टाळी दिली असती. मग मला वाईट वाटलं. मग राग आला. कारण तू शिव्या चुकीच्या माणसाला देतो आहेस.

ते पुस्तक आजोबांनी बांधलं. जुळवलं मी.

नीट ऐक. कारखान्यात माझं काम काय होतं? छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे वीस-पंचवीस फर्मे ओळीने मांडलेले असायचे आणि आम्ही बायका टेबलाभोवती फिरत एकेक उचलून एकावर एक ठेवायचो. वाचता न येणाऱ्या बाईला क्रम कसा कळणार? फर्म्याच्या पाठीवर एक काळा चौकोन छापलेला असतो, दर फर्म्याला जरा खाली. सगळे नीट लागले की पाठीवर जिना उतरलेला दिसतो. एक पायरी निखळली की फर्मा चुकला. सव्वीस वर्षं मी जिने पाहिले, आणि मी जुळवलेलं एकही पुस्तक परत आलं नाही. शिकलेल्या बायकांची यायची, त्या मधेच वाचत बसायच्या.

तर आजोबांनी ते कागद आणले आणि मला दोन्ही गोष्टी वाचून दाखवल्या, आधी ही, मग ती. मी म्हटलं, एकाच बाळाचं एवढं वेगळं वेगळं? आजोबा म्हणाले, "असंच आहे. दोघांनी लिहिलंय." मी म्हटलं, आपल्या घरात एकच लावू. जिना होईल.

त्यांना वाटत होतं, ज्ञानी लोक गव्हाणीपाशीच आणावेत, मेंढपाळांच्या मागोमाग, चित्रात असतात तसे. मी म्हटलं, अहो, डोकं आहे का? मंदिरात त्या बाईनं काय वाहिलं? पारव्याची दोन पिलं. कोकरू झेपत नाही अशा गरिबानं वाहायचं ते. घरात सोनं येऊन पडलेलं असताना कुठली आई पहिल्या पोरासाठी पारवे घेऊन जाईल? म्हणजे मंदिर आधी, सोनं नंतर. आजोबांनी सोन्याचा तुकडा मंदिराच्या खाली सरकवला. मग म्हणाले, "हे पाळकांना सुचलं नव्हतं." पाळकांनी कधी पारवे विकत घेतलेत?

खळ मी शिजवली. कापायला ते, सांगायला मी. त्यात गाढव नव्हतंच, ते आजोबा वाचताना तोंडानं घालायचे. पोटुशी बाई एवढ्या लांब चालवत नेणं त्यांना बघवेना.

आणि ती पट्टीसुद्धा माझीच. मी सांगितलं, ही ओळ झाका, मधे येते. आजोबा म्हणाले, "छापलेल्यावर पट्टी मारणं बाइंडरचं काम नव्हे." आठ दिवस आमचं बोलणं मिठापुरतं. शेवटी त्यांनी मारली. झालं. एवढंच.

आता आजोबांची माफी माग आणि अभ्यासाला बस.

आजी

ता.क. बाई विचारतात, "मग दोघांतलं खरं कोणतं?" मी म्हटलं, ते शिकायलाच त्याला पाठवलंय.


२६ ऑक्टोबर

आजी,

आजोबांची माफी मागितली. तुझ्यावर रागवावं की नाही, ते ठरत नाही.

तू हसून सांगतेस म्हणून सगळं हसण्यावारी जाईल असं नाही. पारव्यांचं पटलं. झोपताना पटलं, उठल्यावरही पटलेलं होतं. पण ते तुझं अनुमान आहे, लूकने तसं लिहिलेलं नाही, आणि मी पंचवीस वर्षं ते लिहिलेलं समजत होतो. पट्टीचं तर अजिबात पटत नाही. "मधे येते" म्हणजे काय? जी ओळ मधे येते ती झाकायची, हे तर कुणीही करेल. मग आपल्यात आणि इतरांत फरक काय?

आणि तू "झालं, एवढंच" म्हणतेस तेव्हा ते एवढंच नसतं. तू बाबांच्या आजारपणातही असंच म्हणाली होतीस.

पुस्तक काल मोठ्या सरांनी मागून घेतलं होतं. मला वाटलं, वर्गात दाखवून पुन्हा हसतील. त्यांनी खिडकीपाशी उभं राहून अर्धा तास पाहिलं. मग मला बोलावून म्हणाले, "ही पट्टी तुम्ही उचललीत तेव्हा फाटली का?" नाही म्हटलं. "कारण ती फक्त वरच्या कडेला चिकटवलेली आहे. बाकी तिन्ही कडा मोकळ्या आहेत. झाकणासारखी." आणि पुस्तक परत दिलं. त्याचा अर्थ त्यांनी सांगितला नाही, मला लागला नाही.

ट्रंक भरून ठेवली आहे. वीस तारखेच्या आधीच निघावं असा विचार आहे. पुन्हा चौघांसमोर उभं राहून "दोन गोष्टी आहेत, त्या जुळत नाहीत" एवढंच सांगायचं असेल, तर त्यासाठी पाळक कशाला हवा?

बाबांना अजून काही कळवू नकोस.

ढब्बू


२ नोव्हेंबर

ढब्बू,

वरच्याच कडेला?

बाईंना मी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. वरच्याच कडेला! म्हणजे आठ दिवस भांडून मी जिंकले असं मला वाटलं, आणि त्या माणसानं माझ्यादेखत मलाच बनवलं. मी खळ शिजवून दिली, ब्रश कुठून कुठे फिरला ते पाहिलं नाही. मला दिसायला झाकलं, आणि वाचता येणाऱ्याला उचलायला ठेवलं. एक अक्षर त्यांनी मारलं नाही. तुला उपाशी ठेवायचा त्यांना हक्क होता रे. सरांना माझा निरोप सांग, अर्थ लागला.

आता एवढंच नव्हतं ते. सांगते. बाई, तुम्ही नुसतं टाइप करा, मधे नाक ओढू नका.

तुझा बाप चार महिन्यांचा होता तेव्हा आम्ही राहायचो त्या गल्लीत साथ आली. तान्ह्या पोरांनाच धरायची. आमच्या मजल्यावर पाच पाळणे होते. दोन आठवड्यांत दोन राहिले. एके दिवशी दुपारी आजोबा कामावरून मधेच आले आणि म्हणाले, "चल." मी म्हटलं, कुठे? म्हणाले, "इथून." चुलीवरचं भांडं तसंच सोडलं. शेजारीण दारात उभी होती, तिचा पाळणा परवाच रिकामा झाला होता. मी पोर छातीशी धरून तिच्या अंगावरून गेले आणि तिच्याकडे पाहिलं नाही. तीन वर्षं आम्ही परक्या गावात काढली. परत आलो तेव्हा आमच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं आणि ती शेजारीण कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी हे पुस्तक. आजोबांनी मत्तयचं वाचलं तेव्हा मी म्हटलं, हे खरं. बाप घाईनं उठतो, पोर घेऊन पळतो, आणि मागे राहिलेल्या आया रडतात. ते रडणं मी पुस्तकात ठेवायला लावलं, आजोबा काढणार होते. मी म्हटलं, ज्यांची गेली त्यांना आणखी पुस्तकातून कशाला काढायचं? आणि मग लूकची ती ओळ आली. विधी झाले, घरी गेले. एवढ्या सुखात! मला त्या बाईचा राग आला. मला नाही जाऊ दिलं घरी, आणि ही जाते? म्हटलं, झाका ती ओळ. तिला पाठवा मिसरला.

आजोबांना सगळं कळलं होतं. म्हणून आठ दिवस भांडले आणि मग मारली. आणि म्हणून अर्धीच मारली.

तर ढब्बू, चूक माझी. आणि चूक काय ते मला कुणापेक्षा जास्त कळतं. दोन पुस्तकांचे फर्मे एकात घातले की दोन्ही पुस्तकं जातात. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी तिला टेबलापाशी उभं केलं नसतं. आणि घरी मी तेच केलं, वर जिना लागला म्हणून खूश झाले.

आता तू म्हणतोस, जुळत नाही एवढंच सांगायला पाळक कशाला. अरे शहाण्या, गोष्ट कोण सांगतंय ते बघ की! मत्तयचं ऐकताना तू कुठे उभा असतोस? योसेफाच्या पाठीशी. स्वप्नं त्याची, भीती त्याची, उठून पळायचं त्यानं. ती बाई तिथे एक शब्द बोलत नाही. आणि लूकचं ऐकताना तू तिच्या उशाशी बसलेला असतोस. देवदूत तिच्याशी बोलतो, ती नातेवाईक बाईकडे जाऊन राहते, बाळाला कशात गुंडाळलं तेसुद्धा कळतं. आणि कोण काय म्हणालं ते तिनं मनात जपून ठेवलं, असं वर लिहिलंय. तुझ्या बापाच्या जन्माचं आजोबांना विचारलं असतंस तर त्यांनी डॉक्टर कसा मिळाला नाही ते सांगितलं असतं. मला विचारलंस तर त्याच्या कानावरची लव. दोघांपैकी खोटं कोण?

लूकला मिसर माहीत होतं का? मला नाही माहीत. मत्तयला गव्हाण माहीत होती का? नाही माहीत. तुझ्या सरांनाही नसेल. असेल तर मला कळव, मी येऊन त्यांच्या पाया पडते.

ट्रंक रिकामी कर. कपड्यांना घड्या पडतात. निळ्या पुस्तकाची शिलाई उसवायची असेल तर उसव, माझी परवानगी आहे, आजोबांची मी घेते. वीस तारखेला जा आणि दोन गोष्टी दोन म्हणून सांग. मी जुळवलं होतं, तू वेगळं कर. त्यातून नापास झालास तर घरी ये, मी भाकरतुकडा घालीन. पण न जाता आलास तर दार उघडणार नाही.

आजी

(त्या उघडतील. पण जाऊन या. – टायपिस्ट)


२१ नोव्हेंबर

आजी, आणि टायपिस्टबाई, तुम्हीही, कारण हे मोठ्यानंच वाचायचं आहे,

पास!

आधी हे लिहून टाकलं, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत थांबायला नको. आता सावकाश सांगतो.

तेच चौघे. मोठ्या सरांनी तोच प्रश्न विचारला. एक परीक्षक आधीच ओठ दाबून बसले होते, घरचं बायबल येणार म्हणून. मी लूकचं लूकसारखं सांगितलं. मेंढपाळांनंतर मंदिर, तिथे भेटलेला म्हातारा शिमोन, म्हातारी हन्ना, आणि घरी. तिथे थांबलो. मला वाटलं होतं तेवढं थांबणं सोपं नव्हतं, जीभ मिसरकडे निघालीच होती. मग मत्तयचं वेगळं सांगितलं. मग दोघांत काय सारखं आहे ते: बेथलेहेम, हेरोद राजाचा काळ, मरीया कुमारी, पवित्र आत्मा, दावीदाचं घराणं, आणि शेवटी वाढला तो नासरेथमध्ये. मग काय वेगळं आहे ते.

ओठ दाबणारे म्हणाले, "आणि क्रम लावायचा झाला तर? ज्ञानी लोक केव्हा आले?"

मी म्हटलं, "लिहिलेलं नाही. पण मंदिरानंतर, असं एक अनुमान आहे." आणि पारव्यांचं सांगितलं.

ते पुढे सरकले. "हे कोणत्या भाष्यकाराचं?"

"आमच्या आजीचं."

"त्यांचं शिक्षण?"

"सव्वीस वर्षं फर्मे जुळवणं, सर. वाचता येत नाही."

आजी, ते हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मोठे सर म्हणाले, "आणि नासरेथला परत जाणं आणि मिसरला जाणं, हे कसं जुळवाल?"

मी म्हटलं, "आमच्या घरी एकदा जुळवलं होतं सर, त्यासाठी एक ओळ झाकावी लागली. मी आता जुळवत नाही. दोन्ही वाचून दाखवीन."

"आणि मंडळीत कुणी विचारलं, यातलं खरं कोणतं?"

मी म्हटलं, "ज्याला घर सोडून पळावं लागलं त्याला मी मत्तय आधी वाचून दाखवीन. जी नुकती बाळंत झाली आहे तिला लूक. कुणापासूनही दुसरी गोष्ट लपवणार नाही. आणि मला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन."

मग सर म्हणाले, "बाहेर बसा." बाहेर बाकावर मी एकोणीस मिनिटं बसलो, समोर घड्याळ होतं. दार उघडून त्यांनी नुसती मान हलवली. मला पटकन कळेना ती हो म्हणून हलवली की जा म्हणून, म्हणून मी तसाच बसून राहिलो. शेवटी ते म्हणाले, "अहो, पास झालात, उठा."

काल संध्याकाळी दोनदा जेवलो.

पुस्तक उसवलेलं नाही. उसवायला घेतलं होतं, पण आजोबांचा टाका पाहिला आणि ब्लेड ठेवून दिलं. पट्टी तेवढी उचलून मागे दुमडली आहे.

तुझा,
ढब्बू


२७ नोव्हेंबर

ढब्बू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वाटाणे सोलत होते. बाई जिन्यावरूनच ओरडल्या, "पास!" त्यांनी पाकीट खालीच फोडलं होतं. माझ्या नावाचं पाकीट! रागवायला हवं होतं, पण हातातलं भांडं सुटलं आणि वाटाणे खोलीभर झाले, मग आम्ही दोघी म्हाताऱ्या पलंगाखाली वाकून ते गोळा करत हसत बसलो. बाईंची कंबर तिथेच धरली. तुझ्या पाळकपणाचा पहिला जखमी.

तुझ्या बापाला सांगितलं. आधी नापास, मग पास, एकाच वाक्यात, म्हणजे मधे त्याला तोंड उघडायला जागा राहिली नाही. तो म्हणाला, "आई, तू मला कधी काही वेळेवर सांगत नाहीस." मग त्याला साथीचंही सांगितलं. पाळण्यांचं, शेजारणीचं. साठीला आलेला माणूस, माझ्या हातावर हात ठेवून बसला. म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही तिकडे नोकरीसाठी गेला होता." त्याला आजोबांनी तसंच सांगितलं होतं. बघ, त्याच्याही दोन गोष्टी झाल्या.

मग मी बाईंना म्हटलं, लूक वाचा. निळ्या पुस्तकातला नको, खरा. आणि नुसता लूक, मधे कुणाला घेऊ नका. बाईंनी वाचला. त्यांना काही नावं धड म्हणता येईनात, पण आवाज कचेरीतला, स्पष्ट. मेंढपाळ येऊन गेले. मंदिर झालं, पारवे झाले, तो म्हातारा झाला, ती म्हातारी झाली. ती माझ्याच वयाची निघाली, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि मग ती ओळ. ते आपल्या गावी परत गेले.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. बाईंनी पुन्हा वाचली.

इतकी वर्षं मी त्या बाईला दर रविवारी घराच्या उंबऱ्यावरून मागे फिरवत होते रे. ओली बाळंतीण, कडेवर पोर, आणि मी म्हणायचे, नाही, आधी मिसर. काल पहिल्यांदा तिला जाऊ दिलं. कुणी पाठलाग केला नाही. कुणी स्वप्नात येऊन उठवलं नाही. दार उघडलं असेल, धूळ झटकली असेल, पोराला खाली ठेवलं असेल. मला एवढं हलकं वाटलं की बाईंना वाटलं मला चक्कर येतेय.

त्या म्हणाल्या, "पुढे काय झालं?"

म्हटलं, पुढे काही नाही हो. पोर वाढलं.

आजी